काळीपिवळीला किती गुण?

मोटार या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही, याबद्दल आमच्या घरात दुर्मिळ असे एकमत आहे. मी आयुष्यात मोटार विकत घेतलेली नाही, मला ती चालवता येत नाही, आणि बॉनेट उघडल्यावर आत जे दिसते त्यात रेडिएटर कुठला आणि बॅटरी कुठली हे मला झाकणावर पाणी की पाना, यावरूनच कळते. पण क्रिकेटवर बोलणाऱ्या किती जणांनी बॅट हातात धरलेली असते? गिरगावात तर जागांच्या भावावर पागडीच्या भाडेकरूनेच बोलावे असा प्रघात आहे. मोटारीच्या बाबतीत माझे स्थान कायम मागच्या सीटवर राहिले. आणि मागच्या सीटवरच्या माणसाचे लक्ष रस्त्याकडे नसते, मीटरकडे असते. मीटरवर डोळा ठेवून पाहिलेले जग जरा जास्तच खरे दिसते, असे माझे मत आहे.

तर या मागच्या सीटवरून मला एक भांडण काढायचे आहे. ते आहे जुन्या, उंची मोटारींच्या सौंदर्यस्पर्धांशी.

या स्पर्धेचे फ्रेंच नाव 'काँकूर देलेगाँस'. आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त हेडक्लार्क ते 'कोंकण-देवगड' असे वाचतात आणि लगेच हापूसचा भाव विचारतात. अर्थ सरळ आहे : देखणेपणाची चढाओढ. ही खोड मोटारीहून जुनी. घोड्यांच्या बग्ग्या होत्या तेव्हापासून पॅरिसची बडी मंडळी आपापली बग्गी नटवून बागांतून मिरवत. पुढे घोडा गेला, इंजिन आले, मिरवणे तेवढे राहिले. १९२०-३० च्या सुमारास उंची मोटारींचे कारखाने बहुधा नुसता सांगाडा आणि इंजिन देत. वरचा देह निराळा कारागीर बांधी. म्हणजे कापड एका दुकानातून घ्यायचे आणि शिंपी आपला ठरलेला, तसेच. या शिंप्यांची जाहिरात म्हणजे ही स्पर्धा. गाडीच्या रंगाला जुळणारा झगा घालून शेजारी एक बाई उभी करायची आणि बाईला जुळेलसा कुत्रा तिच्या हातात द्यायचा. इटलीत कोमो तळ्याच्या काठी व्हिला देस्ते इथे १९२९ मध्ये आणि कॅलिफोर्नियात पेबल बीच इथे १९५० मध्ये या स्पर्धा सुरू झाल्या. त्या या जगातल्या काशी आणि रामेश्वर. तिथे 'सर्वांत देखणी' ठरली की गाडीचे आणि मालकाचे दोघांचेही सोने होते. कुत्र्याचे काय होते ते कुठे वाचनात नाही.

परीक्षक कसे परीक्षण करतात हे वाचले की मला आपले जुने कांदेपोहे आठवतात. मुलगी दाखवायला आणली आहे. चार पोक्त माणसे वहीपेन्सिल घेऊन बसली आहेत. 'सुरू करून दाखवा. दिवे लावा. आता उजवीकडचा. हॉर्न वाजवा. दार उघडा, मिटा. घड्याळ चालते का? हे टायर मूळचेच जातीचे ना? स्क्रूच्या खाचा त्या काळच्या आहेत ना?' मालक बाजूला उभा, मुलीच्या बापासारखा घामाघूम. एखादा परीक्षक खाली वाकून पोटाखालून पाहतो तेव्हा तर बघवत नाही.

पण आपल्याकडे या स्पर्धेला कांदेपोह्यांहून जवळचा एक नातलग आहे. त्याचे नाव पोळा. बैलाच्या शिंगांना बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळा, आणि सगळ्या गावाच्या देखत मिरवणूक. 'पाटलाची जोडी झकास', 'छे, यंदा कुलकर्ण्यांची' अशी गुणवाटणीसुद्धा चालते. फरक एकच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जिथे वर्षभर जू बसले, कातडे जाड झाले, त्या खांद्याला तूप-हळद चोळतात. आधी खांदा मळायचा, मग शिंगे रंगवायची. हा क्रम ज्याने ठरवला त्याला सौंदर्यातले फ्रेंच शिंप्यांपेक्षा जास्त कळत होते, असे माझे स्वच्छ मत आहे. बैल देखणा का, तर त्याने ओढले म्हणून.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. इथे जुन्या मोटारींच्या हौशी लोकांची संस्था आहे, 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया' असे तिचे भारदस्त नाव. तिच्या मोटारी कित्येकदा रविवारी सकाळी हॉर्निमन सर्कलपाशी जमलेल्या मुंबईने पाहिल्या आहेत. २००८ साली तर कार्तिए या जवाहिऱ्यांच्या फ्रेंच पेढीने मुंबईत खाशी फ्रेंच थाटाची स्पर्धा भरवली. रोल्स रॉइस, बेंटली, डेमलर, पॅकार्ड, कॅडिलॅक. नावे नुसती वाचली तरी खिशातले पाकीट अंग चोरून घेते. एकेक गाडी अमक्या महाराजांची, तमक्या नवाबांची. एक शिकारीला जाणारी, एक लग्नाला जाणारी, एक कुठेच न जाणारी.

या मोटारींवर माझा राग नाही. या वेडाच्या लोकांवर तर मुळीच नाही. संस्थाने विलीन झाली, तनखे १९७१ साली गेले, राजवाड्यांच्या मागच्या गोठ्यांत शेकडो मोटारी गंजत पडल्या, कोंबड्या त्यांत अंडी घालू लागल्या. तेव्हा ज्यांनी पदरमोड करून त्या उचलून आणल्या त्यांचे उपकारच आहेत. प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या मुंबईकराने इतक्या गाड्या जमवल्या की त्यांचे अहमदाबादजवळ एक संग्रहालयच झाले. कुणी तिकिटे जमवतो, कुणी काड्यापेट्या. ज्याला जागा असते तो मोटारी जमवतो. दीडशे चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्याने त्यावर नाक मुरडू नये.

माझे भांडण आहे ते गुण कशाला देतात याच्याशी.

पहिली गोष्ट चकाकीची. १९३० साली कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहून ही गाडी आज नवी दिसते. मडगार्डमध्ये बघून भांग पाडावा. सीटच्या चामड्यावर कधी कुणी बसले असेल अशी शंकाही येत नाही. नव्वद वर्षांच्या आजीबाईंना मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभे करावे तसे काहीतरी वाटते. आजीबाईंच्या सुरकुत्या हा त्यांचा इतिहास असतो. तो इस्त्री करून टाकल्यावर 'इतिहास जपला' असे म्हणायचे, म्हणजे जरा जास्तच झाले.

हे माझ्यासारख्या पायी चालणाऱ्याचे तिरकस बोलणे नव्हे. त्या पेबल बीचवाल्यांनाच हे उमगले. २००१ पासून त्यांनी न रंगवलेल्या, न सजवलेल्या, आहे तशा राखलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग केला. तरी सर्वांत वरचे बक्षीस चकचकीत गाडीलाच जाई. मग २०२४ साली काय झाले? त्या स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच आहे तशा राखलेल्या एका गाडीने पहिले बक्षीस मारले. १९३४ ची बुगाटी, टाइप ५९ स्पोर्ट्स. मूळची शर्यतीची, पुढे बेल्जमचा राजा तिसरा लिओपोल्ड याने ती घेतली आणि आपल्या आवडीच्या रंगाची करून घेतली. त्या रंगाला तडे गेलेले, पोपडे निघालेले. कुणी हात लावला नाही, म्हणूनच ती जिंकली.

आणि वाचकहो, तो रंग कोणता होता सांगू? काळा. वर पिवळा पट्टा.

हे वाचले तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. काळ्या-पिवळ्या रंगाची, पोपडे उडालेली, वर्षानुवर्षे न रंगवलेली मोटार जगातली सर्वांत देखणी ठरली! अहो, असल्या मोटारींतून मी अर्धे आयुष्य दादर टी.टी.पासून ऑपेरा हाउसपर्यंत गेलो आहे. सुटे पैसे नाहीत म्हणून त्यांच्याशी भांडलो आहे. जगाला २०२४ मध्ये काळ्यापिवळ्याचे सौंदर्य कळले, आणि आम्ही ऑक्टोबर २०२३ मध्येच आमची शेवटची काळीपिवळी पद्मिनी निकालात काढून मोकळे झालो. टायमिंग हा प्रकार आपल्याला नाटकातच जमतो.

पद्मिनीची हकीगत थोडक्यात सांगतो, कारण ती मुंबईकर आहे. या शहराला मोटार नुसती मिरवायला आली नव्हती. परळ-लालबागच्या बगलेत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला मोटारी होऊ लागल्या. इटलीच्या फियाटच्या परवान्याने 'अकराशे' निघाली, आणि तीच सत्तरच्या दशकात नाव बदलून पद्मिनी झाली. चितोडच्या राणीचे नाव, आणि इंजिन १०८९ सीसीचे. बायकांनी लग्नानंतर नाव बदलावे आणि स्वभाव तोच ठेवावा, तसे तिने केले. त्या काळात पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागायची वाट पाहावी लागे. मुलगा झाला की लोक शाळेत आणि फियाटला एकदमच नाव घालत म्हणायचे. २००० सालाच्या आसपास तिचे उत्पादन थांबले. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीचे आयुष्य आधी २५ वर्षांचे होते, ते पुढे २० वर्षांवर आणले. हिशोब सोपा. २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता काळ्यापिवळ्या पद्मिनीचे मीटर कायमचे डाऊन झाले. निदान एक तरी गाडी सरकारने जपून ठेवावी अशी विनंती टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. त्या वेळी तिचे काही झाले नाही.

आता तिचे देखणेपण. तुम्ही हसाल, हसा. पण त्या हॉर्निमन सर्कलच्या मोटारीला लावतात तोच चष्मा हिला लावून बघा. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्याची मूठ हाताने घासून घासून अशी गुळगुळीत झालेली, की शाळिग्रामच. पुढची सीट सलग, म्हणजे ड्रायव्हरशेजारी घरातले आजोबा आणि आजोबांशेजारी पाटासकट गणपती बसू शकत. मीटर बाहेर, डाव्या अंगाला. पावसात भिजत उभा, इमानी कुत्र्यासारखा. आतल्या छताला फुलाफुलांचे कापड, असे की आमच्या सौ. म्हणत, 'एवढं कापड मिळालं तर दोन उशांचे अभ्रे होतील.' समोर गणपती, शेजारी साईबाबा, कधी ७८६, कधी माउंट मेरी, आणि कधी चौघेही, कारण रस्ता तसाच होता. वरच्या कॅरिअरवर वळकट्या, ट्रंका, गावाहून आलेले फणस. सीएनजी आल्यावर डिकीत टाकी बसली, तेव्हा तर सगळा संसारच टपावर गेला.

आणि तिने ओढले किती! महाराजांची रोल्स वर्षातून एकदा शिकारीला गेली असेल, तर तेवढ्यावर तिच्यापुढे पाटी लागते. इकडे रात्री दोन वाजता चाळीच्या दारातून पोट धरलेल्या बाईला केईएमला नेणारी पद्मिनीच, आणि पाचव्या दिवशी दुपट्यात गुंडाळलेले गाठोडे घरी आणणारीही पद्मिनीच. गिरगावातून नवरदेव निघाला, झेंडूच्या माळा घालून, तो हिच्यातूनच. मुलगी सासरी गेली, बाप दार लावून खिडकीला हात धरून दोन पावले चालला, तेही हिच्याचबरोबर. दादरहून पुण्याला चार अनोळखी माणसे मांडीला मांडी लावून खंडाळ्याचा घाट चढली आणि उतरताना एकमेकांच्या मुलांसाठी स्थळे सुचवून उतरली. एवढी चरित्रे एका रोल्सच्या मागे असती तर तिच्यापुढच्या पाटीला दुसरी पाटी जोडावी लागली असती.

पाटीवरून आठवले. ती स्पर्धेतली पाटी एकदा नीट वाचा. महाराजांचे नाव असते, देह बांधणाऱ्या फ्रेंच किंवा विलायती पेढीचे असते, आजच्या मालकाचे तर असतेच असते. नसते ते मिस्त्रीचे. चोरबाजारातून पार्ट शोधून आणणारा, तो बसेना तेव्हा कानसीने घासून बसवणारा, पत्र्याचा पोचा आतून लाकडी ठोकळ्याने ठोकून बाहेरून हाताने चाचपून बघणारा. त्याचे नाव कुठे आहे? आमच्या मागच्या गल्लीत एक मिस्त्री होते. गाडी गल्लीत शिरायच्या आत, नुसत्या आवाजावरून 'तिसरा प्लग' म्हणून सांगत. स्टेथोस्कोपशिवाय एवढे निदान करणारा डॉक्टर असता तर त्याने पेडर रोडवर बंगला बांधला असता. मिस्त्रींनी गल्लीतच पाट टाकून आयुष्य काढले. त्यांच्या हाताखालची पोरे आता मोबाईलची काच बदलतात. नव्या गाडीत संगणक असतो. तो बिघडला तर अख्खा डबाच बदलतात, कान लावून ऐकायचे काही उरलेलेच नाही. गाडी भंगारात गेली तर लोखंड तरी वितळून पुन्हा लोखंड होते. कान वितळवून काही होत नाही.

आता सरकारी बाजू ऐका. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटली, मूळचे रूप राखले, सांगाडा-इंजिन फारसे बदलले नाही, की गाडी 'व्हिंटेज'. नव्या नोंदणीला २०,००० रुपये भरा, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे मिळवा. मग ती प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या. रोजच्या कामाला किंवा धंद्याला मात्र नेऊ नका. ठीक आहे. पन्नाशी उलटलेल्याला रोज कामाला जुंपू नये, हे मला व्यक्तिशः पटते.

पण गणित बघा. टॅक्सी विसाव्या वर्षी बाद आणि वारसा पन्नासाव्या वर्षी. मधली तीस वर्षे तिने राहायचे कुठे? माणसाला साठाव्या वर्षी निवृत्त करतात आणि पंचाहत्तराव्या वर्षी शाल-श्रीफळ देतात, पण मधल्या पंधरा वर्षांत त्याला भंगारवाल्याच्या ताब्यात देत नाहीत. निदान घरच्यांच्या देतात. २००३ ची ती शेवटची टॅक्सी वारसा व्हायला २०५३ साल उजाडावे लागेल. रोल्सला तीस वर्षे वाट बघायला राजवाड्यामागचा गोठा होता. टॅक्सीवाल्याला गोठा कुठला? त्याची स्वतःची झोपायची जागा म्हणजे कित्येकदा तीच गाडी. म्हणजे या नियमात न लिहिलेले एक कलम आहे : वारसा त्याचाच, ज्याच्याकडे पार्किंग आहे.

आणि हे नुसते मोटारीचे नाही. गिरणगावाचे हेच झाले. धुराडी धूर ओकत होती तोवर त्यांना कुणी देखणे म्हटले नाही. १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक निजल्या, आणि मग जागेला भाव आला. फिनिक्स मिलमध्ये आता कापड विणत नाहीत, विकतात. या शहराने १९९५ साली इमारतींच्या वारशाची नियमावली केली, देशात पहिल्यांदा. कमानींना, घुमटांना, कारंज्यांना प्रतवारी मिळाली. छान झाले. पण जे हलते, घाम गाळते, भाड्याने मिळते, त्याला प्रत नाही. ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री गेली आणि दादरला नुसते 'टी.टी.' ठेवून गेली. आजची पोरे विचारतात, 'टी.टी. म्हणजे काय, टेबल टेनिस?' उद्या 'काळीपिवळी' म्हणजे काय असे विचारतील, आणि आपण त्यांना मोबाईलवर बुगाटीचा फोटो दाखवू.

आता विरुद्ध पक्ष. विरुद्ध पक्ष म्हणजे धूर, गर्दी वगैरे म्हणणारे साहेब लोक नव्हेत. त्यांना उत्तर सोपे आहे. त्या रोल्सला काही अत्तर जाळून चालवत नाहीत. माझा खरा विरुद्ध पक्ष आमच्या तळमजल्यावर राहतो. सावंतवाडीकडचे, तीस वर्षे टॅक्सी चालवलेले काका. मी हे सगळे त्यांना उत्साहाने सांगितले. ते शांतपणे तंबाखू मळत होते.

"तुम्ही मागं बसायचात, भाऊ. पुढं मी होतो. मे महिन्यात जुन्या गाडीत पायाखाली भट्टी असते ती तुम्हांला काय ठाऊक? कंबर गेली ती गेलीच. नवी गाडी आली तेव्हा मी सिद्धिविनायकाला नारळ फोडला. आणि तुम्ही जुनीची वरात काढताय!"

मी गप्प. मग त्यांनीच मळलेली चिमूट दाढेखाली धरली आणि म्हणाले, "मीटर बदलला ना, तेव्हा जुन्याची ती 'फॉर हायर'ची पट्टी मी नाही दिली हां. माळ्यावर आहे. नातू विचारतो कधी कधी."

आता सांगा, याहून चांगला साक्षीदार वकिलाला कोर्टात तरी मिळतो का? कामाच्या हालांना कुणी कवटाळून बसत नाही, बसूही नये. पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणा, ड्रायव्हरांना पुन्हा भट्टीत बसवा, असे मी म्हणत नाही. बैल म्हातारा झाला की त्याच्या मानेवरचे जू काढायचेच असते. पण जू काढणे म्हणजे खांदा विसरणे नव्हे. काकांनी पट्टी ठेवली. शहराने काय ठेवले?

उपाय नुसता सुचवायचा आणि पान सुपारी खायला मोकळे व्हायचे, ही लेखकांची जुनी पद्धत. मी नियमावलीच देतो. स्पर्धेची जागा लालबागच्या पुलाखाली. सावली आहे आणि भाडे नाही. प्रवेश : या शहरात ज्याने माणसे वाहिली असे कुठलेही जुने वाहन. एकूण गुण शंभर. झिजेला २५ : गिअरची मूठ, पायांखालचे रबर, दारावरची कोपराची जागा, नवी बसवली असल्यास शून्य. दाराच्या आवाजाला २० : पहिल्या ढकलीला लागले तर संशय घ्यावा. आतल्या छताच्या कापडाला १५. डॅशबोर्डवरच्या देवांना १५ : एकाहून अधिक धर्मांचे असल्यास प्राधान्य. मिस्त्री स्वतः हजर असून पाटीवर त्याचे नाव असल्यास १५. आणि स्वतःच्या चाकांवर चालत आल्यास १० : ट्रकवर चढवून आणलेली गाडी बाद. कुत्रा आणण्याची सक्ती नाही. लालबागचे कुत्रे आपण होऊन येतील.

परीक्षक तीन. एक मिस्त्री, जो कानाने तपासील. एक केईएममधून निवृत्त झालेली परिचारिका, जिने रात्री दाराशी लागलेल्या टॅक्सी पाहिल्या आहेत. आणि एक कोळीण, पाटीसकट. तिला ज्या टॅक्सीवाल्याने वास न घेता बसवले त्याला खास पारितोषिक. रोल्सवाल्यांनाही आमंत्रण आहे. त्यांना वर्ग वेगळा. पण पाटीवर महाराजांच्या वर मिस्त्रीचे नाव लिहायची अट.

कुणी म्हणेल, हे चेष्टेचे झाले. नाही हो. कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार निघते. ती स्पर्धेला निघत नाही, सोने लुटायला दसरा चौकात निघते. लोक दुतर्फा उभे असतात ते परीक्षक म्हणून नव्हे. गाडी आपले ठरलेले काम करायला येते आणि लोक आपले ठरलेले बघायला येतात, म्हणून ती देखणी. तिला कुणी किती गुण दिले हे कोल्हापुरात विचारून बघा. विचारणारा पायी परत येईल.

तेव्हा महानगरपालिका, परिवहन खाते, हौशी मंडळे, आणि ज्यांच्याकडे पार्किंग आहे अशा सर्व भाग्यवंतांना माझी हात जोडून मागणी आहे. १९७४ साली नोंदलेल्या खाजगी पद्मिनी २०२४ साली कायद्यानेसुद्धा पन्नाशीच्या झाल्या; त्यांतल्या चारदोन अजून कुठल्यातरी सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली असतील. त्यांना रंगवू नका. पॉलिश मारू नका. नुसते बाहेर काढा, पत्र्यावर जिथे माणसांचे हात लागून लागून रंग गेला आहे तिथे बोट फिरवा, आणि थोडे तूप-हळद लावा. शिंगांचे मग बघू.